थंड पाण्यात कपडे खरंच स्वच्छ होतात?

वॉशिंग मशिनवर ‘कोल्ड’ आणि ६० अंश असे दोन्ही पर्याय दिसले की अनेकांचा हात ६० कडे जातो. गरम पाण्यात मळ जास्त निघतो, हा समज निराधार नाही. परीट भट्टी लावून सोड्याच्या पाण्यात कपडे उकळत, कारण साध्या साबणाला उष्णतेची जोड लागायची. आजच्या डिटर्जंटचं तसं नाही.

डिटर्जंटच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं तेलाकडे. त्यामुळे तेलकट मळ कापडापासून सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. शिवाय बऱ्याच पावडरी आणि लिक्विडमध्ये एन्झाइम असतात. प्रोटीएज हे एन्झाइम रक्त-दुधातली प्रथिनं तोडतं, अमायलेज पेजेसारखा स्टार्च, तर लायपेज तेल-तूप. धुलाईसाठी एन्झाइम वापरण्याचं पेटंट ओटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१३ मध्येच घेतलं होतं. आता थंड पाण्यातही काम करणारी एन्झाइम वापरात आहेत.

रक्ताच्या डागाला तर गरम पाणी वैरीच. उकडलेल्या अंड्याचा बलक-पांढरा जसा घट्ट होतो, तशी रक्तातली प्रथिनं उष्णतेने गोठून धाग्याला चिकटतात. घरातल्या जुन्या बायका हे डाग गार पाण्यातच धुतात, ते बरोबर आहे.

आणि ‘थंड’ म्हणजे किती थंड? मुंबईत नळाचं पाणी वर्षातला बराच काळ २५ अंशांच्या आसपास किंवा वरच असतं. युरोपात ३० अंशांची धुलाईदेखील कमी तापमानाची समजतात. अडचण येते ती थंडीच्या दिवसांत. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, तुपाचंही तेच. अशा वेळी पाणी थोडं कोमट केलेलं बरं. पावडर आधी मगभर कोमट पाण्यात विरघळवून घेतली तर कपड्यांवर पांढरे कण राहत नाहीत.

मात्र मळ निघणं आणि जंतू मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंड पाण्यात बरेच जंतू वाहून जातात, पण मरतातच असं नाही. घरात कुणाला गजकर्ण किंवा जुलाब-उलट्या असतील, तर त्यांचे टॉवेल, चादरी, आतले कपडे वेगळे आणि ६० अंशांवर धुवावेत. गजकर्णाची बुरशी थंड धुलाईतून तगून एकाच खेपेतल्या दुसऱ्या कपड्यांवर जाऊ शकते. मलम लावूनही घरभर गजकर्ण फिरत राहतं, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. धुळीतल्या माइट्सची अॅलर्जी असेल तर पांघरुणांनाही हाच नियम, कारण हे किडे ५५ अंशांच्या वर मरतात. गरम पाण्याची सोय नसेल तर कडक ऊन आणि गरम इस्त्री यांची मदत होते, पण ती ६० अंशांची पूर्ण बरोबरी नव्हे.

पावसाळ्यात धुतलेल्या कपड्यांना येणारा कुबट वास मात्र बहुधा पाण्यामुळे नव्हे, तर वाळायला लागणाऱ्या वेळामुळे येतो. मोराक्सेला नावाचे जिवाणू ओलसर कापडावर वाढून हा वास निर्माण करतात, असं जपानी संशोधकांना आढळलं आहे. पंख्याखाली, अंतर ठेवून वाळत घातलेले कपडे सहसा वासत नाहीत.

रोजच्या कपड्यांसाठी पाणी तापवणं परवडतं का, हेही पाहा. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते, आणि ती दर खेपेला.