माळवदाखालची कुटी

कुटीप्रावेशिक रसायनासाठी चरकाचार्यांनी सांगितलेली वास्तू वैद्यबंधूंस विदित आहेच. एकात एक अशी तीन दालने, जाड भिंती, लहान झरोके आणि कोणत्याही ऋतूत लाभणारे सुख. हे वर्णन आपण बहुधा परीक्षेपुरतेच वाचले. अन्यथा त्याच्याशी नाते सांगणारी घरे आपल्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात गावोगाव उभी असताना ती आपल्याच हातांनी पाडली नसती.

पर्जन्यछायेतील पारनेर, कर्जत, जामखेड या भागांतील धाब्याचे घर पाहावे. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यांवर कडीपाट, वर पाला आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. प्रकाशापुरते माळवदात ठेवलेले साणे. ग्रीष्मातील दुपारचे ऊन हा थर सावकाश शोषतो. ते आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते. अकोल्याच्या डोंगराळ भागात पाऊस मुबलक, म्हणून तिथे उतरते छप्पर. देशविचार वैद्यांनीच करावा असे थोडेच आहे! गवंडीही तो करीत होता. नगरजवळ निजामशाहीत बांधलेला, १५८३ साली पूर्ण झालेला फराहबाग महालही जाड भिंती आणि भोवतालचा जलाशय यांच्या बळावर शीतल राहत असे.

अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी अशा विचारास सेंद्रिय वास्तुरचना हे नाव रूढ केले. त्यांच्याजवळ काही वर्षे राहून परतलेले नारी गांधी (१९३४–१९९३) यांनी लोणावळा, रेवदंडा येथे दगड-विटांची घरे उभारली. कागदावरील नकाशापेक्षा प्रत्यक्ष जागेवर कारागिरांसह उभे राहण्यावर त्यांचा भर असे.

आमच्या औषधालयावर पूर्वी धाबे होते. दरवर्षी माती टाकण्याचा व गळतीचा कंटाळा येऊन आम्ही स्लॅब टाकला. पहिल्याच वैशाखात गुग्गुळकल्पांच्या वट्या बरणीत एकमेकींस चिकटल्या. भेषजागाराविषयी सुश्रुतसंहितेत काय म्हटले आहे, हे तेव्हा आम्ही पुन्हा उघडून पाहिले. ते आधी पाहावयास हवे होते.

तथापि जुने ते सारे निर्दोष, असे आम्ही म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे दगावली, ती प्रामुख्याने अशाच दगडमातीच्या भिंती व जड माळवदे कोसळून. भिंतीची रुंदी आरपार सांधणारे दगड आणि चहूबाजूंनी बांधून घेणारे पट्टे नसतील, तर मातीचा जाड थर डोक्यावर घेऊ नये. नव्याने बांधणाऱ्याने प्रथम अभियंत्याचा सल्ला घ्यावा, मगच गवंड्यास बोलवावे.

आम्ही तूर्त स्लॅबला चुन्याचा पांढरा हात दिला आहे, पश्चिमेच्या भिंतीस पडवी जोडली आहे आणि तिच्यापुढे कडुनिंब लावला आहे. गुग्गुळकल्प मात्र शेजारच्या जुन्या धाब्याच्या घरात, मालकाच्या अनुमतीने, ठेवलेले आहेत.