मांडीची लचक: चोळण्याआधी तपासा

समजा, वसमत तालुक्यातल्या एखाद्या शाळेत खो-खोचा सराव चालू आहे. धावता धावता १३ वर्षांचा मुलगा अचानक मांडी धरून खाली बसतो. 'काही नाही, लचक भरली' म्हणत घरी आंबेहळदीचा लेप लागतो आणि मग जोरात मालिश सुरू होते. नुसत्या लेपाने फारसे बिघडत नाही. बिघडते ते चोळण्याने.

मोठ्या माणसाला असा झटका बसला, तर बहुधा स्नायूचे तंतू फाटतात. वयात येणाऱ्या मुलांचे तसेच होईल असे नाही. त्यांचा स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो, तिथे हाडाचा वाढीचा थर अजून कच्चा असतो. स्नायू तुटण्याऐवजी तो हाडाचा लहानसा तुकडाच ओढून काढतो. मांडीच्या मागच्या स्नायूंमुळे बसण्याच्या हाडाचा, तर पुढच्या स्नायूमुळे कंबरेच्या हाडाचा तुकडा निघू शकतो. वरून दोन्ही दुखापती सारख्याच दिसतात.

म्हणून पहिली तपासणी बहुतेक वेळा साधा एक्स-रे असते. तो जिल्हा रुग्णालयात होतो. नुसत्या मांडीचा एक्स-रे पुरेसा नसतो. दुखणे वरच्या बाजूला असेल तर कंबर आणि खुबाही त्यात यायला हवा. खुब्याचे सांधे बिघडले, तरी दुखते मांडीत किंवा गुडघ्यात. मार लागलेला नसताना मूल लंगडत असेल, तर हे विशेष लक्षात ठेवावे.

एक्स-रेत स्नायू नीट दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी. ती फक्त गरोदर बाईचीच असते असे नाही. साकळलेले रक्त, फाटलेले तंतू, पू हे सारे तीत कळते आणि किरणोत्सर्ग अजिबात नसतो. एमआरआयमध्येही तो नसतो. खोलवरचे स्नायू आणि हाडाच्या आतली सूज त्यात सर्वांत स्पष्ट दिसते. मात्र मुलाला बराच वेळ न हलता पडून राहावे लागते. त्यामुळे पहिल्याच दिवशी एमआरआयसाठी नांदेडला धावण्याची गरज सहसा नसते. निदान पक्के होत नसेल किंवा दुखणे हटत नसेल, तर डॉक्टर तो सांगतात.

मुका मार लागलेला स्नायू चोळला, तर तिथे हाडासारखी गाठ धरण्याचा धोका वाढतो. ही गाठ एक्स-रेत दिसायला साधारण ३-४ आठवडे लागतात. त्याआधी एमआरआय केला, तर ती हाडाच्या कर्करोगासारखीही भासू शकते. म्हणून मार कधी, कसा लागला आणि मालिश झाली होती का, हे डॉक्टरांना न लपवता सांगावे. ही माहिती नसेल, तर चांगल्या चित्राचाही चुकीचा अर्थ निघू शकतो.

पहिले दोन दिवस विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे आणि हलका पट्टा पुरे. शेक आणि मालिश नको. ताप, रात्री झोपमोड करणारी वेदना, वाढती सूज किंवा पाय टेकवता न येणे यांपैकी काहीही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मांडी दगडासारखी कडक होऊन पाय बधिर पडला, तर तासभरही थांबू नका.