सिकलसेल : दुखणं किती, ते आकड्यात सांगा

वस्तीत नर्सिंगच्या विद्यार्थिनी अभ्यासासाठी फॉर्म घेऊन येतात. घरात सिकलसेल कुणाला, दुखणं उठलं की काय करता, असं विचारतात. "आमच्याच समाजाला का विचारता?" असं बाया आम्हाला म्हणतात. प्रश्न रास्त आहे. पण विदर्भात हा आनुवंशिक आजार आपल्यात आणि आदिवासींत जास्त आढळतो. नागपूरच्या डॉक्टर शुक्ला-सोळंकींचा यावरचा लेख १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता.

लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकतात. बाहेरून काहीच दिसत नाही. कुणी ओरडतं, कुणाच्या घरी सोसायची रीत. मग सोसणारी 'बरी' ठरते आणि ओरडणारी 'नाटकी'. अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांच्या वाट्यालाही हाच अविश्वास आला. नर्सने हे शिकायलाच हवं, म्हणून आम्ही म्हणतो, उत्तरं द्या. आधी विचारा : नाव गुप्त राहील ना? नको असेल तर नाही म्हणा, त्याने उपचार थांबत नाहीत.

दवाखान्यात 'खूप दुखतं' एवढ्यावर थांबू नका. शून्य म्हणजे दुखणं नाही, दहा म्हणजे असह्य. आपला आकडा सांगा, केसपेपरवर लिहून घ्या. ताप, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर घरी थांबू नका, रात्र असली तरी निघा.