मोऱ्याच्या वाचनालयाची काच: विषय आणि प्रश्न यांतला फरक



पीएचडीच्या मुलाखतीत 'तुमचा विषय काय?' असं विचारलं की सगळे धडाधड बोलतात. 'तुमचा प्रश्न काय?' म्हटलं की शांतता. मीही अशीच गप्प बसले होते. हा फरक मला नीट कळला तो लॅबमध्ये नाही, मोरा बंदरावर. म्हणून आजचा लेख एका काचेवर.

माझा आतेभाऊ आर्किटेक्ट आहे. मोऱ्याला मुलांसाठी एक छोटं वाचनालय बांधायचं चाललंय, पैसे गावाच्या वर्गणीतून. दादाने समुद्राकडच्या पश्चिम भिंतीवर चॅनेल ग्लास दाखवली होती: सहा मीटर उंच, साधारण सव्वातीन मीटर रुंद. मी काचेच्या पृष्ठभागावर काम करते, म्हणून त्याने फोन केला, "अगं, ही काच कुठे मिळेल ते बघ ना." मी दोन दिवस नुसती पुरवठादारांची यादी करत बसले. यादी लांबली, पण उत्तर काही जवळ येईना.

ही काच म्हणजे काय?

घराच्या पन्हळीसारखा आकार डोळ्यांसमोर आणा. मधला सपाट तळ आणि दोन्ही बाजूंना वर वळलेल्या कडा. वाळू, सोडा अ‍ॅश, चुनखडी वितळवून तो रस रुळांमधून काढतात आणि पट्टी गरम असतानाच तिच्या कडा वळवतात. नेहमीचं माप म्हणजे २६२ मिलिमीटर रुंदी, ४१ किंवा ६० मिलिमीटर उंच कडा आणि ६ किंवा ७ मिलिमीटर जाडी. कडांमुळे पट्टीला ताठपणा येतो, त्यामुळे उभ्या चौकटी न लावता पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या करता येतात. प्रकाश आत येतो, पण पसरून येतो. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या नेल्सन-अ‍ॅटकिन्स संग्रहालयाची २००७ मध्ये उघडलेली ब्लॉक इमारत याच काचेसाठी ओळखली जाते. स्टीव्हन हॉल यांची ती इमारत रात्री कंदिलासारखी उजळते. दादाच्या डोक्यात तोच फोटो होता.

खिडकीची सपाट काच वेगळ्या पद्धतीने होते. ती वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात. आपल्या जवळ तळोज्याला असा फ्लोट काचेचा कारखाना आहे, पण तिथून चॅनेल ग्लास मिळेल असं समजू नका. यंत्रच वेगळं. आमच्या हातात आलेली कोटेशनं जर्मनी आणि चीनमधल्या मालाची होती.

पहिला धडा: 'मिळतं' म्हणजे 'लावता येतं' नव्हे

माहितीपत्रकात सहा मीटर लांबी मिळते असं लिहिलं होतं. दादा खूश. मी कागद-पेन्सिल घेतली.

आयएस ८७५ भाग ३ मध्ये मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. उत्तर आलं सुमारे १,१६० पास्कल. भूभाग, उंची, इमारतीचा आकार यांचे गुणक मी सोडून दिले. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम. आपल्याला फक्त अंदाज हवा होता.

आता ६० मिलिमीटर कडेची, ७ मिलिमीटर जाडीची एकेरी पट्टी दोन टोकांना टेकवलेली तुळई आहे असं धरा. ३ मीटर लांबीला ती मध्यभागी साधारण ७ मिलिमीटर वाकते. ६ मीटरला? १४ मिलिमीटर म्हणाल तर फसाल. वाकणं लांबीच्या चौथ्या घातात वाढतं, म्हणून सोळा पट: जवळजवळ ११२ मिलिमीटर.

ताणाचंही तसंच. वारा ज्या दिशेने आल्यावर कडांची टोकं ताणली जातात, त्या दिशेने ३ मीटरच्या पट्टीत सुमारे २५ मेगापास्कल ताण येतो, ६ मीटरला १००. टेम्पर न केलेली काच एवढा ताण पेलत नाही. आणि वारा उलट बाजूने आला, म्हणजे तळ ताणला गेला, तर हाच आकडा एक चतुर्थांश होतो. वारा भिंतीला ढकलतो तसा ओढतोही, म्हणून वाईट दिशाच धरायची. भिंत दुहेरी केली तर भार वाटला जातो, तरी ११२ मिलिमीटर ऐकल्यावर दादा बराच वेळ काही बोलला नाही.

दुसरा धडा: शब्द तपासा

"पसरट प्रकाश आहे, म्हणजे आत गरम होणार नाही," असं समितीतल्या एकांनी म्हटलं. बोलायला पटकन पटतं. पण प्रकाश पसरणं आणि उष्णता अडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काचेने किरणांची दिशा बदलली तरी ऊर्जा खोलीतच आली ना! १९ चौरस मीटरची पश्चिम भिंत, दुपारनंतर दर चौरस मीटरला ५०० वॉट ऊन धरा, त्यातलं ७० टक्के आत आलं तर ते होतात पावणेसात किलोवॉट. म्हणजे दोन टनाचा एसी फक्त ही भिंत सांभाळायला. वर्गणीच्या वाचनालयाला हे बिल कोण भरणार?

तिसरा धडा: वस्तूचा प्रवासही वस्तूचाच भाग

हा भाग माझ्या विषयाचा, म्हणून थोडं थांबते.

काचेवर पाणी पडलं की काचेतला सोडियम हळूहळू पाण्यात येतो आणि पाण्यातला हायड्रोजन त्याची जागा घेतो. भिंतीवर असताना पाऊस तो सोडियम धुऊन नेतो. पण पेटीत दोन पट्ट्यांच्या मध्ये ओलावा अडकला तर ते थेंबभर पाणी तिथेच राहतं आणि क्षारीय होत जातं. पीएच ९ च्या पुढे गेला की सिलिकाचं जाळंच विरघळायला लागतं. मग पांढुरके, इंद्रधनुषी डाग पडतात, जे पुसून जात नाहीत. म्हणजे जी काच भिंतीवर वर्षानुवर्षं टिकते, ती बंद पेटीत काही आठवड्यांत खराब होऊ शकते. एका ओळखीच्या कामावर मी हे पाहिलंय. जुलैमध्ये ताडपत्रीखाली ठेवलेली पेटी ऑगस्टमध्ये उघडली आणि वरच्या काही काचा बाद.

आता मोऱ्याची जागा बघा. शेजारीच न्हावा-शेवाचं बंदर. माल तिथेच उतरणार, वाटतं घरपोच आला. पण आमचा माल होता जेमतेम सव्वानऊशे किलो. त्यासाठी पूर्ण कंटेनर परवडत नाही. इतरांच्या मालाबरोबर येणार, मग सीएफएसमध्ये म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशनवर उघडला जाणार, हाताळला जाणार, थांबणार. उरणच्या माणसाला सीएफएस समजावून सांगायला लागत नाही. तिथे पावसाळ्यात काय होतं हेही नाही. म्हणून कोटेशन मागताना आम्ही तीन गोष्टी लेखी विचारल्या: पट्ट्यांमध्ये काय घालणार, पेटीत ओलावा शोषणारं काय ठेवणार, आणि माल कोणत्या महिन्यात पोचणार.

आणखी दोन बारकावे. वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब असतो, सहा मीटरची पट्टी त्यात बसतच नाही. आणि कस्टममध्ये पन्हळी आकाराची साधी काच ७००३ या शीर्षाखाली येते, पण तीच टेम्पर केली की ७००७, सुरक्षा काच. शीर्ष बदललं की शुल्क, बीआयएसच्या अटी, कागदपत्रं सगळं नव्याने तपासावं लागतं. हे क्लिअरिंग एजंटला बुकिंगच्या आधी विचारायचं, माल आल्यावर नाही.

चौथा धडा: सगळ्यात चांगला प्रश्न

समितीची बैठक बंदराजवळच होती. ओहोटी होती, गाळामुळे भाऊच्या धक्क्याची लाँच खोळंबलेली, त्यामुळे माणसंही भरपूर. मी आकडे दाखवले. एक वयस्कर काका, आयुष्यभर बोट चालवलेले, सगळं ऐकून म्हणाले, "ताई, फुटली तर दुसरी कुठून आणणार? आणि फुटताना खाली पोरगं असलं तर?"

दोन दिवस यादी करताना हा प्रश्न मला सुचला नव्हता. बोटीवर इंजिनाचा सुटा भाग मिळेल की नाही हे बघूनच इंजिन घेतात, त्यांना तो सहज सुचला.

पहिल्या भागाचं उत्तर सोपं होतं. टेम्पर केलेली काच नंतर कापता येत नाही, म्हणून जादा पट्ट्या त्याच लॉटमध्ये, त्याच मापात मागवायच्या आणि कोरड्या जागी उभ्या, सुट्या ठेवायच्या.

दुसऱ्या भागाचं उत्तर कठीण. टेम्पर केलेल्या काचेत क्वचित निकेल सल्फाइडचा बारीक कण अडकलेला असतो. ३७९ अंशांच्या वर त्याचं एक रूप, खाली दुसरं. टेम्पर करताना काच झटकन थंड होते, कणाला रूप बदलायला वेळच मिळत नाही. मग भिंतीवर लागल्यावर, कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी, तो बदलतो, फुगतो आणि काच आपोआप फुटते. कोणी दगड मारलेला नसतो. यावर उपाय म्हणजे हीट सोक: कारखान्यातच काच २६० ते २९० अंशांच्या आसपास काही तास तापवायची, म्हणजे फुटायची ती तिथेच फुटते. यानेही धोका शून्य होत नाही, खूप कमी होतो.

मग मी पुरवठादारांचे चाचणी अहवाल पुन्हा काढले. एका अहवालात हीट सोक होता, पण सपाट काचेचा. युरोपात टेम्पर केलेल्या चॅनेल काचेचं मानक वेगळं आहे, ईएन १५६८३. सपाट काचेचा अहवाल पन्हळी काचेला लागू पडेलच असं नाही. शोधनिबंध वाचतानाही हेच करायचं असतं: निष्कर्ष कुठल्या नमुन्यावर काढलाय ते आधी बघायचं, मग आपल्या कामात वापरायचा.

शेवटी काय झालं?

भिंत पश्चिमेकडून उत्तरेला गेली. सहा मीटरच्या जागी तीन-तीन मीटरचे दोन थर, मध्ये स्टीलची आडवी पट्टी. दुहेरी भिंतीला ४८ पट्ट्या लागतात, सहा जादा धरून ५४. काचेच्या पायथ्याशी आतल्या बाजूने पुस्तकांची बुटकी कपाटं, म्हणजे मुलं थेट काचेखाली बसणार नाहीत. ऑर्डर अजून दिलेली नाही. चॅनेल काचेचाच हीट सोक अहवाल आल्याशिवाय वर्गणीतला रुपयाही पाठवायचा नाही, असा ठराव झालाय. अहवाल आला नाही तर काकांनी सुचवलेला पर्याय आहे: साधी भिंत आणि मोठ्या खिडक्या.

आता माझं पहिलं वाक्य आठवा. 'चॅनेल ग्लास' हा विषय होता. 'कुठे मिळेल?' हा प्रश्न वाटत होता, पण त्याचं उत्तर नुसती यादी होती. खरा प्रश्न असा निघाला: या वाऱ्यात, या दमट हवेत, मुलांच्या डोक्यावर, फुटली तर बदलता येईल अशी काच कोणती, आणि त्याचा पुरावा कोणाकडे आहे? असा प्रश्न मिळाला की पुढे काय मोजायचं, कोणाला विचारायचं, कधी 'नको' म्हणायचं हे आपोआप ठरत जातं.

तुमच्या सिनॉप्सिसचं पहिलं पान काढा. विषयाच्या खाली एक ओळ लिहा: 'हे चुकलं तर कोणाचं, काय बिघडेल?' त्या ओळीचं उत्तर देता आलं तर प्रश्न जवळच आहे. नाही आलं, तर अजून यादीच चाललीय असं समजा.

अहवालाचं काय झालं ते पुढच्या लेखात सांगेन. तोवर तुमची ती एक ओळ खाली नक्की लिहा. आपण मिळून बघू.