शेतीच्या उत्पन्नाचे कागद कसे जपावेत?

शेतकरी धान्याची जेवढी काळजी घेतो तेवढी कागदाची घेत नाही. बियाण्याच्या कणगीत तो कडुनिंबाचा पाला घालतो. परंतु त्याच पिकाच्या विक्रीची पट्टी सदऱ्याच्या खिशात राहून धुतली जाते. पैसे हाती आले की कागदाचे काम संपले, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः कागदाचे खरे काम त्यानंतरच सुरू होते.

शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, हे बहुतेकांस ठाऊक आहे. ही सूट १८८६ च्या कायद्यापासून चालत आली आहे. मात्र जे उत्पन्न शेतीचे म्हणून सांगावयाचे ते शेतीचेच आहे, हे दाखविण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर असते. समजा, एका कुटुंबाने कांद्याचे पैसे, दुधाची बिले व हातउसनी रक्कम एकाच बँकखात्यात भरली. दोन-तीन वर्षांनी विचारणा झाली आणि घरात एकही पट्टी नसली, तर कष्टाने पिकविलेल्या कांद्याचे पैसेही खुलासा नसलेली रक्कम ठरण्याचा संभव असतो. अशा रकमेवर जड दराने कर बसतो.

कोणते उत्पन्न शेतीचे?

जमीन कसून काढलेले पीक, ते बाजारात नेण्याजोगे व्हावे म्हणून शेतकऱ्याने केलेली मळणी व वाळवण, तसेच शेतजमिनीचा खंड यांचे उत्पन्न शेतीचे होय. रोपवाटिकेतील रोपांची विक्रीही त्यात येते. परंतु दूध, अंडी, कोंबड्या किंवा भाड्याने दिलेला ट्रॅक्टर यांचे उत्पन्न शेतीचे नव्हे. उभे पीक विकत घेऊन ते काढून विकणाऱ्या व्यापाऱ्याचा नफाही शेतीचा नव्हे.

जमीन स्वतःच्या नावावर असलीच पाहिजे, असे नाही. बटाईने कसणाऱ्याचे उत्पन्नही शेतीचेच असते. परंतु ठराव तोंडी राहिला व विक्री मालकाच्या नावे झाली, तर कसणाऱ्याजवळ पुरावा काहीच उरत नाही. म्हणून बटाईचा ठराव लेखी असावा व वाटणीचे पैसे शक्यतो बँकेतून घ्यावेत.

घरात नोकरदार असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्याचे इतर उत्पन्न करमाफीच्या मर्यादेपलीकडे आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असल्यास, इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरविताना शेतीचे उत्पन्न हिशेबात धरले जाते. निव्वळ म्हणजे खर्च वजा जाता उरलेले. म्हणून खर्चाच्या पावत्याही विक्रीच्या पट्टीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

चार पिशव्या

कागदांसाठी चार पिशव्या कराव्यात. पहिलीत जमिनीचे कागद : सातबारा, आठ-अ, फेरफार, खंड अथवा बटाईचा करारनामा. उताऱ्यावर पिकाची नोंद बरोबर आहे ना, हे दर हंगामात पाहावे. २०२१ पासून महाराष्ट्रात ही नोंद शेतकऱ्यास मोबाईलवरून स्वतः करता येते. दुसरीत विक्रीचे कागद : बाजार समितीतील हिशेबपट्टी, कारखान्याचे ऊसबिल, वजनकाट्याची पावती. तिसरीत खर्चाचे कागद : बियाणे, खते, औषधे, वीज व मजुरी. चौथीत जोडधंद्याचे कागद : दुधाची बिले, पेंडीच्या पावत्या, जनावरांच्या उपचारांचा खर्च. शक्य असल्यास जोडधंद्यासाठी बँकखातेही निराळे ठेवावे.

काट्यावरील यंत्राने छापलेली गुळगुळीत पावती काही महिन्यांत कोरी पडते. तिची छायाप्रत त्याच आठवड्यात काढावी. मजुरीची पावती नसेल, तर वहीत तारीख, काम व रक्कम लिहून मजुराची सही घ्यावी. एका व्यवहारापोटी २ लाख रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१७ पासून कायद्याने बंदी आहे. मोठ्या विक्रीचे पैसे बँकेतूनच घ्यावेत.

तारखेचे महत्त्व

महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, तर प्राप्तिकराचे वर्ष १ एप्रिलला. मार्चमध्ये काढलेला कांदा मे महिन्यात विकला, तर पीक व विक्री एकाच महसुली वर्षात येतात; परंतु पैसे प्राप्तिकराच्या नव्या वर्षात जमा होतात. म्हणून प्रत्येक कागदावर तारीख स्पष्ट असावी आणि ३१ मार्चला चारही पिशव्या बांधून त्यांवर वर्ष लिहावे. जमिनीचे कागद कायम जपावेत. इतर कागद सात वर्षे तरी ठेवावेत. पत्र्याची पेटी ह्या कामी उत्तम. ती चुलीच्या धुरापासून व ओल्या भिंतीपासून दूर असावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी केवळ उपदेश न करता एखाद्या घरी सायंकाळी बसून पहिल्या चार पिशव्या स्वतः लावून द्याव्यात. वही घरातील लिहिणाऱ्या मुलाच्या किंवा सुनेच्या हाती सोपवावी. पट्टी घरी आली की निजण्यापूर्वी ती पिशवीत जावी, एवढा एकच नियम पाळला तरी पुष्कळ साधेल.