मे महिन्यातली विहीर, जुलैतला रस्ता: म्हैसूरहून मुलांसह किनाऱ्यावर स्थलांतर करताना

म्हैसूरसारख्या पठारावरच्या शहरातून मुलांना घेऊन समुद्राकाठच्या गावी कायमचे राहायला जाण्याचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबापुढे साधारणपणे दोन पट्टे असतात: एक कारवारपासून अंकोला, कुमठा, होन्नावरपर्यंतचा उत्तर कन्नड जिल्ह्याचा, आणि दुसरा वेंगुर्ले, मालवण, देवगडचा, म्हणजे सिंधुदुर्गाचा. दोन्ही पट्ट्यांविषयी जी समजूत रूढ आहे ती बहुतेक वेळा डिसेंबरातल्या सहलीत तयार झालेली असते. गाव निवडताना मात्र मे आणि जुलै या दोन महिन्यांचा विचार आधी करावा लागतो.

‘किनाऱ्यावर पाऊस धो धो पडतो, तेव्हा पाण्याची चिंता नाही’ ही समजूत सर्वांत घट्ट बसलेली आहे. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंचीवर असून तेथे वर्षाकाठी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तर किनाऱ्यावर तो ३,००० मिलिमीटरच्याही वर जातो. तरीही कोकणातल्या अनेक वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. याचे कारण पावसात नसून जमिनीत आहे. किनाऱ्यालगतच्या सड्यांवर, म्हणजे सपाट माथ्याच्या कातळी पठारांवर, जांभा दगड असतो, आणि हा सच्छिद्र दगड जून ते सप्टेंबरमध्ये मुरलेले पाणी उतारावरून झऱ्यांवाटे झपाट्याने समुद्राकडे सोडून देतो, त्यामुळे भूगर्भात फार काळ साठा टिकत नाही. दुसरे कारण खाऱ्या पाण्याचे आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्याने जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते, आणि भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर तिच्याखाली सुमारे चाळीस मीटर जाडीचा गोड्या पाण्याचा थर तोलला जातो, असे भूजलशास्त्राचे ढोबळ सूत्र आहे. उलट बाजूने पाहिल्यास, उपशामुळे ही पातळी एक मीटरने खाली गेली की खारे पाणी कित्येक मीटर वर चढते; खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात त्या यामुळेच. म्हणून घर पाहताना विहिरीचे पाणी मे महिन्यात चाखून आणि तपासून घेणे हे घराच्या भिंती पाहण्याइतकेच आवश्यक ठरते, विशेषतः घरात लहान मूल असेल तेव्हा.

‘महामार्ग झाला, आता दवाखाना दूर नाही’ या समजुतीला वस्तुस्थितीचा आधार अर्धाच आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णत्वाला गेलेली कोकण रेल्वे यांनी किनारा जोडला हे खरे आहे, परंतु १६ जुलै २०२४ रोजी अंकोला तालुक्यातील शिरूर येथे दरड कोसळून माणसे दगावली आणि हाच महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. पुढच्याच महिन्यात कारवारजवळचा काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. म्हैसूरहून किनाऱ्याकडे उतरणारा मडिकेरी-संपाजे घाटही ऑगस्ट २०१८ च्या अतिवृष्टीत दरडींनी उद्ध्वस्त झाला होता. नकाशावरचे अंतर जुलैत निरर्थक होऊ शकते, आणि ज्या कुटुंबात मुलाला दमा आहे किंवा नियमित उपचार लागतात त्यांनी तर रस्ता बंद असतानाही गाठता येईल असे रुग्णालय कोणते, हा प्रश्न घराच्या किमतीआधी विचारला पाहिजे. कारवारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण गुंतागुंतीच्या उपचारांसाठी उत्तर कन्नडमधील रुग्ण आजही मणिपाल, गोवा किंवा हुबळीकडे नेले जातात. पाण्यातून आणि चिखलातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा जीवाणूजन्य ताप पावसाळ्यात किनाऱ्यावर आढळतो, याची कल्पना पठारावरून येणाऱ्या पालकांना बहुधा नसते.

जमिनीबाबत दोन राज्यांचे कायदे सरमिसळ करून सांगितले जातात. कर्नाटकाने २०२० साली १९६१ च्या जमीन सुधारणा कायद्यातली कलमे वगळून बिगरशेतकऱ्यांना शेतजमीन घेण्याचा मार्ग मोकळा केला. महाराष्ट्रात मात्र १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ‘समुद्राला लागून घर बांधता येईल’ ही समजूत तर दोन्हीकडे चुकीची आहे: २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर पट्टा बांधकामासाठी वर्ज्य आहे, आणि ज्या ग्रामीण भागात २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकवस्ती आहे तेथेच, किनारा आराखडा मंजूर झाल्यावर, तो ५० मीटर होतो.

शाळेविषयीचा गैरसमज मुलांच्या दृष्टीने सर्वांत महाग पडतो. ‘कारवारात मराठी चालते, तेव्हा मराठी शाळाही मिळेल’ असे गृहीत धरले जाते. उत्तर कन्नड १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात आला, या इतिहासामुळे मराठी तेथे ओळखीची आहे; तथापि घराघरांत कोकणी बोलली जाते, आणि शिक्षणाचे माध्यम आज मुख्यतः कन्नड व इंग्रजी आहे. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने राज्यातील शाळांत कन्नड, तर महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्याने मराठी, पहिली ते दहावीपर्यंत शिकवणे बंधनकारक केले आहे. म्हैसूरच्या शाळेत कन्नड लिहायला शिकलेल्या मुलाला कुमठ्यात लिपी बदलावी लागत नाही, बोली मात्र निराळी ऐकू येते. तेच मूल मालवणला गेले तर घरात मराठी बोलत असूनही मराठीच्या शुद्धलेखनाशी त्याची पहिली गाठ पडते, आणि तिसरीत हे अंतर एका वर्षात भरून निघते, आठवीत ते जड जाते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मुळे आठवीपर्यंतचे मूल राज्याबाहेरच्या सरकारी वा अनुदानित शाळेतही जाऊ शकते, आणि शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. परंतु याच कायद्याखालचा, घरापासून एक किंवा तीन किलोमीटरच्या आत शाळा असण्याचा नियम आठवीपुढे लागू नाही. गावातली शाळा चांगली आहे एवढ्यावर समाधान मानणाऱ्या पालकांनी नववीला आणि अकरावीला मूल रोज कोठे जाईल, पावसाळ्यात त्या वेळेची एस. टी. येते का, हेही पाहावे. लहान पटाच्या शाळेत एकच शिक्षक अनेक इयत्ता एकत्र शिकवतो. यालाच बहुवर्ग अध्यापन म्हणतात. ही पद्धत स्वतःहून वाईट नाही, शिक्षक समर्थ असेल तर मूल तेथे स्वतः वाचायला लवकर शिकते, मात्र त्या शिक्षकाला भेटल्याशिवाय निर्णय घेऊ नये. नवोदय विद्यालयाची आशा धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की सहावीच्या परीक्षेसाठी मूल त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असले पाहिजे, आणि ग्रामीण कोट्यासाठी तिसरीपासूनची वर्षे ग्रामीण शाळेत झालेली असावी लागतात.

सर्वांत उशिरा लक्षात येणारी गोष्ट बारावीनंतरची आहे. कर्नाटकाच्या सामाईक प्रवेशासाठी पहिली ते बारावीदरम्यान किमान सात वर्षे राज्यात शिक्षण झालेले असणे ही सर्वसाधारण अट आहे, तर महाराष्ट्रात वैद्यकीय शाखेच्या राज्य कोट्यासाठी दहावी व बारावी तेथूनच आणि त्यासोबत अधिवासाचा दाखला मागितला जातो, जो सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो. त्यामुळे सहावीतल्या मुलाला घेऊन म्हैसूरहून देवगडला गेलेले कुटुंब दोन्ही राज्यांच्या नियमांच्या मध्ये अडकू शकते, आणि त्याच वेळी होन्नावरला गेलेल्या कुटुंबाच्या मुलाची कर्नाटकातली शैक्षणिक वर्षे मात्र अखंड राहतात.