पोतडी एक, हात आठ

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंना सोळा-सोळा मोहरे मिळतात. आपला हत्ती आपलाच असतो. समोरचा तो मारू शकतो, पण डाव सुरू होण्यापूर्वीच त्याने तो उचलून नेला, असे कधी होत नाही. पत्त्यांत मात्र तसे होते. दोन कॅटची रमी मांडली की बदामच्या सत्त्या दोनच. एक फेकलेल्या पानांत गाडली गेली आणि दुसरी कोणाच्या तरी हातात अडकली, की बदामची छक्की-अठ्ठी धरून बसलेल्याने जोकरची वाट पाहावी. मुरलेला खेळाडू म्हणूनच आपल्या तेरा पानांइतकेच लक्ष शेजाऱ्याने काय उचलले आणि काय फेकले यावर ठेवतो.

हे आठवायचे कारण म्हणजे गेल्या काही वर्षांत तरुण मुलांत लोकप्रिय झालेला संगणकावरचा एक खेळप्रकार. जानेवारी २०१९मध्ये ‘ड्रोडो स्टुडिओ’ या चिनी चमूने ‘डोटा २’ या गाजलेल्या खेळाच्या पायावर ‘डोटा ऑटो चेस’ नावाचा खेळ उभा केला. त्याच वर्षी ‘रायट गेम्स’ या अमेरिकी कंपनीचा ‘टीमफाइट टॅक्टिक्स’ आला, ‘व्हॉल्व्ह’चा ‘डोटा अंडरलॉर्ड्स’ आला, ‘ब्लिझर्ड’चा ‘बॅटलग्राउंड्स’ आला. या साऱ्या कुळाला ‘ऑटो बॅटलर’ म्हणतात. पहिल्या खेळाच्या नावात बुद्धिबळ असले, तरी त्याचा स्वभाव रमीचा आहे.

‘टीमफाइट टॅक्टिक्स’चेच उदाहरण घेऊ. खेळाडू आठ, प्रत्येकाचा पट वेगळा. दर फेरीला काही नाणी मिळतात आणि समोर एक छोटे दुकान उघडते. त्यात पाच मोहरे मांडलेले असतात. किंमत एक ते पाच नाणी. हवे ते विकत घ्यायचे आणि पटावर मांडायचे. पुढची लढाई मोहरे आपापले लढतात. खेळाडूने फक्त पाहायचे. हरणाऱ्याची शक्ती घटत जाते, ती संपली की तो बाद. शेवटी उरेल तो विजयी.

नवख्याला वाटते, हे दुकान माझे एकट्याचे. प्रत्यक्षात दुकाने आठ असली तरी गोदाम एकच असते. प्रत्येक मोहऱ्याच्या ठरावीक प्रती एका सामाईक पोतडीत असतात आणि आठही दुकानांचा माल तिच्यातूनच येतो. २०१९मध्ये खेळ सुरू झाला तेव्हा एका नाण्याच्या प्रत्येक मोहऱ्याच्या ३९ प्रती होत्या. पुढे किमतीच्या क्रमाने २६, २१, १३ आणि पाच नाण्यांच्या मोहऱ्याच्या अवघ्या १०. नंतरच्या आवृत्त्यांत हे आकडे बदलत गेले, तत्त्व मात्र तेच राहिले.

आता यातली मेख पाहा. एकसारखे तीन मोहरे जमले की त्यांचा मिळून दोन ताऱ्यांचा एक बलवान मोहरा होतो. तसे तीन जमले की तीन ताऱ्यांचा एक. म्हणजे तीन ताऱ्यांसाठी नऊ प्रती हव्यात. ज्याच्या प्रती ३९, त्याचे तीन तारे फार तर चौघांना साधतील. पाचव्याने कितीही पैसे ओतले तरी पोतडीत तेवढा माल नाही. ज्याच्या प्रती दहाच, त्याची गोष्ट आणखी कठीण. दोघांनी एकेक प्रत घेऊन ठेवली की उरतात आठ. त्या दोन प्रतींपैकी एक तरी परत येईपर्यंत त्याचे तीन तारे तिसऱ्या कोणालाच मिळायचे नाहीत.

नशिबाचा भाग आहेच. पण त्या नशिबालाही हिशेब आहे. दुकानात कोणत्या किमतीचा मोहरा यावा, हे खेळाडूच्या पायरीनुसार ठरते. त्या किमतीतला नेमका कोणता, हे पोतडीत उरलेल्या प्रतींवर. समजा, एका किमतीचे तेरा प्रकार आहेत आणि प्रत्येकाच्या ३९ प्रती, एकूण ५०७. आरंभी आपला मोहरा निघण्याची शक्यता तेरात एक. तिघांनी मिळून त्याच्याच ३० प्रती उचलल्या, तर त्याच्या नऊ उरतात आणि एकूण ४७७. शक्यता त्रेपन्नात एक. उलट, आपल्या मोहऱ्याला कोणी हात लावला नाही आणि दुसऱ्याच १०७ प्रती उचलल्या गेल्या, तर शक्यता दहात एकच्या घरात जाते. दुकानातला माल बदलून मागायला दर वेळी दोन नाणी पडतात. पहिल्या परिस्थितीत अडकलेला मुलगा दोन-दोन नाणी टाकत राहतो आणि नशिबाला बोल लावतो. खरे तर त्याच्या वाट्याचे मोहरे शेजारच्या तीन पटांवर उभे असतात, आणि ते पट त्याला उघड पाहता येतात.

मग दुसऱ्याला हवे ते आपणच उचलून अडवून ठेवावे का? बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला इथला हिशेब फार गमतीचा वाटतो. या खेळात शिल्लक नाण्यांवर व्याज मिळते: दर दहा नाण्यांमागे फेरीला एक, जास्तीत जास्त पाच. शेकडा दहा, आणि तेही फेरीगणिक! एक ताऱ्याचा मोहरा विकला तर पूर्ण किंमत परत येते, त्यामुळे अडवणूक फुकटची वाटते. पण शिल्लक पन्नासवरून सत्तेचाळीसवर आली की एक नाणे व्याज बुडाले. शिवाय राखीव मोहऱ्यांना जागा नऊच. त्यातली एक परक्याच्या मोहऱ्याने अडली. म्हणून जाणते खेळाडू ऐन अखेरीस, एखाद्याला शेवटचा एकच मोहरा हवा असेल तेव्हाच हा डाव टाकतात.

सामाईक पोतडीचा खरा परिणाम दिसतो तो सल्ल्यांवर. कोणते सैन्य सर्वांत बलवान, याच्या याद्या सर्वत्र फिरतात. यादी करणारा खोटे सांगत नाही. पण आठांपैकी चौघे तीच यादी वाचून आले, की चौघांनाही ते सैन्य अर्धवटच मिळते, आणि कोणी न विचारलेले दुय्यम मोहरे गोळा करणारा पुरा सजून पुढे जातो. बलवान मोहऱ्यावर उड्या पडतात, म्हणून तो दुर्मिळ होतो, आणि दुर्मिळ झाला म्हणून त्याच्या मागे लागणे तोट्याचे ठरते. प्रती फार कमी ठेवल्या तर पहिला हात मारणाराच जिंकेल. फार ठेवल्या तर शेजाऱ्याकडे पाहण्याचे कारणच उरणार नाही. हे आकडे पुन्हा पुन्हा का बदलावे लागतात, ते यावरून कळते.

एक नियम कादंबरी लिहिणाऱ्याला विशेष भावणारा आहे. खेळाडू बाद झाला की त्याने जमवलेले सारे मोहरे पोतडीत परततात. ज्या मोहऱ्यासाठी दोघे डावभर एकमेकांना रोखत होते, तो एकाच्या पडण्याने दुसऱ्याच्या दुकानात येऊ लागतो. काही जण हातात नाणी राखून त्याच क्षणाची वाट पाहत बसतात.

हा खेळ २०२० पासून मोबाइलवरही आहे. तेव्हा घरातले एखादे मूल लढाईकडे नुसते पाहत बसलेले दिसले, तर ‘जिंकलास का?’ असे विचारू नये. ‘तुला हवा तो मोहरा आणखी किती जणांकडे आहे?’ असे विचारावे. त्याला आकडा सांगता आला, तर त्याला खेळ कळू लागला आहे असे खुशाल समजावे.